जडसंग्रहातून मुलाच्या हाती
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकीय विभागातर्फे केलेले भाषण)



आरंभीच एक विनंती करतो. सभागृहाच्या मागील दोन रांगांत आपल्या बालविकास विभागातील काही मुले पालकांसह बसली आहेत. म्हणून आज कोणाच्याही भाषणानंतर टाळ्या वाजवू नयेत. कौतुक करावेसे वाटल्यास दोन्ही हात वर करून हलवावेत. ध्वनिवर्धकाचा आवाजही मुद्दाम कमी ठेवला आहे. ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी कृपया पुढे येऊन बसावे.

वर्षभरातील शस्त्रक्रिया, खाटा आणि जमाखर्च यांचा तपशील अहवालाच्या पुढील पानांवर आहे, तो येथे वाचून दाखवीत नाही. विश्वस्त मंडळाने आम्हास विषय दिला आहे तो असा, की स्वमग्न मुलांची भीती व घालमेल आवरण्यासाठी आपल्या संस्थेने कोणती साधने घेतली आणि त्यांचा काय उपयोग झाला. देणगीदारांकडून हा प्रश्न रास्तपणेच विचारला जातो. उत्तर देताना आमच्या हातून झालेली एक चूक प्रथम सांगावी लागेल, कारण पुढचे सारे निर्णय तिच्यातून निघाले आहेत.

तत्पूर्वी आजाराविषयी, किंबहुना याला आजार म्हणावे काय याविषयी, थोडेसे. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ‘ऑटिझम’ ही संज्ञा या अर्थाने रूढ झाली. मराठीत आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द सुबक आहे, परंतु तो थोडा फसवा आहे असे आम्हास वाटू लागले आहे. मूल आपल्यातच गुंग आहे, बाहेरच्या जगाची त्याला फिकीर नाही, असा अर्थ त्यातून ध्वनित होतो. प्रत्यक्षात आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेक मुलांना बाहेरचे जग फार जास्त पोहोचते. पंख्याची घरघर, ट्यूबलाईटची लुकलुक, फिनेलचा वास, शेजारच्या बाकावरचे रडणारे बाळ आणि दर दोन मिनिटांनी पुकारला जाणारा नंबर हे सारे एकाच वेळी आणि एकाच तीव्रतेने अंगावर येते. त्यात पुढे काय होणार हे ठाऊक नाही आणि ‘पुरे’ असे सांगता येत नाही. अशा स्थितीत कोणीही शहाणा माणूस घाबरेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्वमग्न मुले व किशोर यांच्यापैकी सुमारे ४० टक्क्यांना कोणता ना कोणता चिंताविकार असल्याचे आढळले. ज्याला आपण हट्ट किंवा आकांडतांडव म्हणून मोकळे होतो, त्यातील बराचसा भाग या भयाचा असतो. त्यावरील औषधोपचार व मानसोपचार हा डॉक्टरांचा प्रांत आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आमच्याकडे खरेदी, नोंद आणि वाटप येते.

आता ती चूक. काही वर्षांपूर्वी एका उदार देणगीदारांच्या साहाय्याने संस्थेस आठ टॅब मिळाले. वाचा-उपचारतज्ज्ञांनी त्यांवर चित्रांद्वारे बोलण्याची सोय बसवून घेतली. मुलाने चित्रावर बोट ठेवले की टॅब तो शब्द उच्चारतो. सत्रापुरता टॅब मुलाच्या हाती द्यावयाचा आणि उपचाराचे ठरावीक महिने संपले की परत घ्यावयाचा, असा नियम आम्हीच केला होता. नियमामागे हिशेब होता. टॅब संस्थेच्या मालमत्तेत धरलेले असल्याने ते जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो त्यात, क्रमांक घालून नोंदले होते. मार्चअखेर मोजणी होते. वस्तू जागेवर नसेल तर लेखापरीक्षक शेरा मारतात. आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो तेव्हापासून हेच करीत आलो आहोत आणि त्यात गैर काही आहे असे मनातही आले नव्हते.

अशा एका मार्चअखेरीस नऊएक वर्षांच्या एका मुलाचा टॅब परत घेतला गेला. पुढच्याच महिन्यात त्याला रक्ततपासणीसाठी आणावे लागले. प्रयोगशाळेच्या दारात तो खाली बसला, स्वतःचा हात चावू लागला, आणि चौघांनी धरूनही रक्त घेता आले नाही. आम्ही गोंगाट ऐकून खाली गेलो. आईला धीर देण्यासाठी, टॅब शिकल्यापासून तो किती सुधारला होता, असे काहीसे बोललो. ती माउली शांतपणे म्हणाली, “साहेब, त्याचं तोंड तुमच्या कपाटात आहे.”

त्या सायंकाळी कपाट उघडून पाहिले. आठही टॅब होते. तीन चालू होत नव्हते, कारण वापराविना त्यांच्या बॅटऱ्या गेल्या होत्या. दोघांचा पासवर्ड ज्यांनी घातला ते कर्मचारी नोकरी सोडून गेले होते. नोंदवही मात्र चोख होती.

या प्रसंगानंतर आम्ही उपचारतज्ज्ञांकडून आणि पालकांकडून समजून घेण्यास आरंभ केला, आणि वाचनही केले. प्रा. टेंपल ग्रँडिन यांचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. १९४७ साली जन्मलेल्या या अमेरिकन विदुषी स्वतः स्वमग्न असून पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. तरुणपणी त्यांना भीतीचे तीव्र झटके येत. अॅरिझोनातील मावशीच्या पशुपालन केंद्रावर त्यांनी पाहिले, की लस टोचण्यासाठी दोन फळ्यांमध्ये दाबून धरलेली काही जनावरे बिथरण्याऐवजी शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसेच यंत्र बनविले. दोन्ही बाजूंस गादी लावलेल्या फळ्या, मध्ये आपण, आणि फळ्या किती आवळावयाच्या याचा दांडा आपल्याच हाती. माणसाची मिठी त्यांना सहन होत नसे, कारण ती केव्हा सुटेल हे मिठी मारणाऱ्याच्या हाती असते. यंत्राची मिठी त्यांच्या ताब्यात होती. शिक्षणसंस्थेतील जाणत्यांना हे यंत्र विचित्र वाटले आणि ते काढून घेण्याचे प्रयत्न झाले. त्यांनी ते सोडले नाही, उलट त्यावर संशोधन करून १९९२ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे वाचताना आमच्या कपाटाची आठवण झाली नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

तेव्हापासून कोणतेही साधन घेण्याचा प्रस्ताव आला की किमतीच्या आधी आम्ही विचारतो, दांडा कोणाच्या हाती राहणार? या एका प्रश्नाने पुष्कळ खरेदी सोपी झाली आणि काही थांबली.

वजनदार पांघरुणांचे उदाहरण घ्या. बाजारात ती महाग मिळतात आणि जाहिराती मोठ्या असतात. ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा पांघरुणाने स्वमग्न मुलांची झोप मोजमापात वाढल्याचे दिसले नाही, तथापि मुलांनी व पालकांनी साध्या पांघरुणापेक्षा तेच पसंत केले. तेव्हा ज्याला आवडेल त्याने ते जरूर वापरावे, परंतु डॉक्टरांना किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञांना विचारूनच, आणि जे मूल ते स्वतः बाजूला करू शकत नाही त्याच्या अंगावर ते कदापि घालू नये. संस्थेने ती घाऊक विकत घेतली नाहीत. त्याऐवजी ध्वनिरोधक कानटोप घेतले. कारखान्यांत कामगार वापरतात तेच, हजार रुपयांच्या आत मिळणारे. मूल ते स्वतः घालते आणि स्वतः काढते. गणपतीत ढोलताशे, दिवाळीत फटाके आणि घरात कुकरची शिट्टी असताना त्यांचा जेवढा उपयोग झाला तेवढा कोणत्याही महाग वस्तूचा झाला नाही, असे पालक सांगतात.

मनगटी पट्ट्यांचाही प्रस्ताव आला होता. नाडीचे ठोके, त्वचेवरील घाम व हालचाल मोजून, मूल बिथरण्यापूर्वीच सूचना देणारी ही यंत्रे आहेत. अमेरिकेत २० स्वमग्न मुलांवर झालेल्या अभ्यासात अशा पट्टीवरून आक्रमक वर्तनाचा अंदाज एक मिनिट आधी बऱ्यापैकी बांधता आला. विज्ञान म्हणून हे लक्षणीय आहे. परंतु ही सूचना जाते सांभाळणाऱ्याकडे, ज्याच्या मनगटावर पट्टी आहे त्याला ती काही सांगत नाही. एक मिनिटात आपण काय करणार, हेही ठरलेले नसते. मुलाला धरून ठेवण्याची तयारी करण्यासाठी ते मिनिट वापरले जाणार असेल, तर न कळलेले बरे. ब्रिटनमध्ये ‘ब्रेन इन हँड’ नावाची सेवा आहे. तीत स्वमग्न प्रौढ स्वतःच्या मोबाईलवर आपली अवस्था हिरवी, पिवळी की लाल हे स्वतः दाबून सांगतात, आधी ठरवून ठेवलेले उपाय पाहतात, आणि लाल दाबल्यास प्रशिक्षित माणूस त्यांच्याशी बोलतो. ही रीत आम्हास अधिक पटली. आपल्याकडे वयात आलेल्या स्वमग्न तरुणांसाठी मराठीतून असे काही नाही, ही उणीव येथे नोंदवून ठेवतो.

चित्रांतून बोलण्याच्या साधनांबाबत मात्र आपण भाग्यवान आहोत. चेन्नईचे अभियंता अजित नारायणन यांनी ‘आवाज’ हे साधन प्रथम स्वतंत्र यंत्राच्या रूपात आणि पुढे टॅबवर आणले, त्याबद्दल २०११ साली अमेरिकेतील एमआयटीच्या नियतकालिकाने त्यांची जगातील तरुण संशोधकांत निवड केली. आणि आपल्या घराजवळ, पवईच्या आयआयटी मुंबईतील आयडीसी या अभिकल्प विभागात प्रा. रवी पूवय्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जेलो’ तयार केले. ते विनामूल्य आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर चालते आणि मराठी बोलते. पडद्याच्या कडेला ‘आवडते’, ‘हो’, ‘आणखी’ आणि त्यासमोर ‘आवडत नाही’, ‘नको’, ‘कमी’ अशी बटणे आहेत. कोणत्याही चित्राबरोबर ती दाबता येतात. पाणी, नको. पंखा, कमी. जे मूल काल डोके आपटून सांगत होते ते आज बोटाने सांगते, एवढाच फरक, पण घरात शांतता आणणारा.

पालकांसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तयार चित्रांवर थांबू नका. मुलाच्या आत्याचा, शाळेच्या रिक्षाचा, घरच्या भाकरीचा फोटो त्यात घाला. आमच्या उपचारतज्ज्ञांचा आग्रह आहे, की पहिल्या दहा शब्दांत ‘पुरे’ असावा. ‘दूध दे’, ‘बिस्कीट दे’ हे आपण हौसेने शिकवतो. ‘पुरे’ शिकवण्यास आपण कचरतो, कारण मग ते ऐकावे लागते.

यंत्रांविषयी इतके बोलल्यावर कबूल करावयास हवे, की आमच्या मुलांच्या भीतीचे एक मोठे कारण आमचेच रुग्णालय होते. पूर्वी पनवेलची कुटुंबे उपचारांसाठी हार्बरच्या गाडीने सव्वा-दीड तास उभ्याने मुंबई गाठीत. गावातच सोय झाल्यावर त्यांचा त्रास वाचला, असा आमचा समज होता. मात्र केसपेपरच्या रांगेत मूल उभे राहीपर्यंत त्याची सारी शक्ती संपलेली असे. आता या मुलांचा केसपेपर फोनवरून निघतो, त्यांची वेळ बाह्यरुग्ण विभाग उघडण्यापूर्वीची असते, आणि नंबर पुकारण्याऐवजी मदतनीस जवळ येऊन रंगीत टोकन दाखवतात. जिन्याखालील कोपऱ्यात पडदा लावून बसण्याची जागा केली आहे. तेथे दिवा लावणे वा मालवणे मुलाच्या हाती आहे.

शिवाय आमच्याच छायाचित्रकार कर्मचाऱ्याने काढलेल्या फोटोंची ‘माझी रक्ततपासणी’ ही आठ पानी पुस्तिका झाली. कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९०च्या सुमारास सुरू केलेल्या सामाजिक कथांच्या पद्धतीवर ती बेतली आहे. दार, खुर्ची, दंडाला बांधावयाचा रबरी पट्टा, सुई, कापूस आणि शेवटी पुन्हा दार. सुईचा फोटो घालावा की न घालावा यावर बैठकीत बराच खल झाला. घालण्याचे ठरले, कारण जे दाखवले नाही त्याचीच भीती अधिक. घरी आठ दिवस पाहून आलेले मूल खुर्चीशी येते तेव्हा पुढचे पान त्याला ठाऊक असते. मघाशी ज्या मुलाचा उल्लेख केला त्याचे रक्त दुसऱ्या खेपेस घेता आले. तो रडला. पण पट्टा त्याने स्वतः हातावर ठेवून दिला, आणि झाल्यावर फोनवर ‘घरी’ दाबले. फोन त्याच्या आईचा होता.

संवेदन कक्षाचा प्रश्न विश्वस्त मंडळासमोर दोन वर्षे आहे आणि काही देणगीदारांनी त्यासाठी तयारीही दर्शविली आहे, म्हणून स्पष्ट बोलणे भाग आहे. रंगीत दिवे, बुडबुड्यांच्या नळ्या, मऊ गाद्या यांनी सजलेल्या अशा खोल्यांची कल्पना १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये निघाली. आज तिचा खर्च लाखांत जातो. वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाने ४१ स्वमग्न मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की दिवे व आवाज बदलण्याचे बटण मुलाच्या स्वतःच्या हाती असते तेव्हा त्याचे लक्ष अधिक लागते आणि एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे कमी होते. नुसत्या खोलीने हे साधत नाही. आमचे मत असे, की जिन्याखालचा कोपरा आणि एक दिव्याचे बटण यांनी आपले काम आणखी काही वर्षे भागेल. कक्षाच्या दारावर नावाचा फलक लावता येतो, बटणावर येत नाही, ही आमची अडचण देणगीदारांनी हसून समजून घ्यावी.

खरा खर्च माणसांचा आहे. टॅब किंवा फोन हाती दिल्यावर त्यात शब्द भरणे, आईवडिलांना व आजीआजोबांना शिकवणे, शाळेतील बाईंशी बोलणे आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे, याला वाचा-उपचारतज्ज्ञांचे तास लागतात. निर्धन रुग्ण निधी, जो मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण बिलांच्या २ टक्के बाजूला काढून चालतो, तो रुग्णांच्या बिलांसाठी आहे. घरी नेण्याच्या फोनचा मेळ त्यात बसत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून नियमित उपचारसत्रांचाही त्यात समावेश आहे. ज्या कुटुंबांनी अद्याप अर्ज केला नसेल त्यांनी समाजसेवा विभागात जावे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार स्वमग्नतेचे प्रमाणपत्र मिळते आणि खारघरला केंद्र शासनाच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

विश्वस्त मंडळाने या वर्षी आमच्या विनंतीवरून एक ठराव केला. यापुढे संवादासाठी दिलेला टॅब वा फोन जडसंग्रहात नोंदला जाणार नाही. तो रुग्णसाहाय्याच्या खर्चात जाईल आणि कुटुंबाकडून केवळ पोचपावती घेतली जाईल. वस्तू परत मागितली जाणार नाही. लेखापरीक्षकांनी प्रथम भुवया उंचावल्या. संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात, तेव्हा तीन वर्षांनी कपाटात जे उरते त्याची वहीतील किंमत मूळच्या पाव भागाहूनही कमी असते, हे आम्ही त्यांना त्यांच्याच भाषेत दाखवले. त्यांनी पोचपावतीचा नमुना स्वतः लिहून दिला, याबद्दल त्यांचे आभार मानतो.

यात धोका नाही असे नाही. एखादा फोन विकला जाईल, एखादा घरातील थोरला भाऊ खेळासाठी नेईल. तसे एका घरी घडलेही आहे. आम्ही तेथे दुसरा फोन दिला, आणि तो तिसऱ्यांदा द्यावा काय यावर विश्वस्तांत मतभेद आहेत. तो प्रश्न आजच्या सभेत मोकळा ठेवतो, सदस्यांनी आपले मत जरूर कळवावे.

देणगीदारांकडे मागणे असे आहे. यंत्रासाठी एकरकमी देणगीऐवजी उपचारतज्ज्ञांच्या तासांसाठी दरवर्षी थोडी, पण न चुकता येणारी रक्कम द्यावी. तिची पत्रके बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत. पत्रकावर फलकाचा रकाना नाही.

चहापानाची व्यवस्था अंगणात आहे. मागील दोन रांगांतील कुटुंबे प्रथम बाहेर जातील. ती जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटे, इतरांनी कृपया आपापल्या जागी बसून राहावे आणि खुर्च्या सरकवू नयेत.